ओटचें पीठ आणि लोंकरीचा धागा

स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीजवळ गॅलाशील्स नांवाचें एक लहान शहर आहे. लोंकरीच्या गिरण्यांवर त्यानें कित्येक पिढ्या पोट भरलें. आतां त्या गिरण्या बहुतेक बंद पडल्या आहेत. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत या शहराच्या भर पेठेंत एक नवी इमारत उघडली गेली आणि तिच्यांत एक कापड कायमचें मांडण्यांत आलें. कापड म्हणजे एक अखंड ठाण नव्हे. सुमारें मीटरभर लांबीरुंदीचे १६० पट तेथें एकापुढें एक लावलेले आहेत आणि त्यांची एकूण लांबी १४३ मीटर भरते. लिननच्या वस्त्रावर रंगीत लोंकरीनें भरलेल्या या चित्रांत त्या देशाचा आरंभापासून आजपर्यंतचा इतिहास सांगितला आहे. ‘ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड’ हें त्याचें नांव.

नांवांत थोडी गफलत आहे. टॅपेस्ट्री मागावर विणली जाते, आणि हें तर सुईनें केलेलें भरतकाम. परंतु नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्याची कथा सांगणारें बायो येथील सुप्रसिद्ध वस्त्रही भरतकामच असून शतकानुशतकें टॅपेस्ट्री म्हणूनच ओळखलें जातें. चूक पुरेशी जुनी झाली कीं तिला रूढीचा मान मिळतो. स्कॉच वस्त्राची कल्पना कादंबरीकार अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांना सुचली. १७४५ च्या प्रेस्टनपॅन्सच्या लढाईवर त्या गांवच्या लोकांनीं भरलेलें वस्त्र त्यांनीं २०१० सालीं पाहिलें, आणि एका लढाईची कथा सुईनें सांगतां येते तर साऱ्या देशाची कां नाहीं, असा विचार त्यांच्या मनांत आला. इतिहासकार ॲलिस्टर मॉफट यांनीं प्रसंग निवडले, अँड्रू क्रमी या चित्रकारानें रेखाटनें केलीं आणि देशभरांतील सुमारें एक हजार माणसांनीं तीं भरलीं. त्यांत पुरुषही होते, तथापि बहुसंख्य बायकाच. २०१३ च्या सप्टेंबरांत हें वस्त्र एडिंबरो येथील पार्लमेंटांत प्रथम लोकांना दाखविण्यांत आलें.

या वस्त्रांत राजे आहेत, लढाया आहेत, शोध लावणारे शास्त्रज्ञ आहेत. परंतु तें ज्या हातांनीं भरलें त्या हातांच्या आज्या-पणज्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशा सांपडत नाहींत. त्या कोठें सांपडतात? चुलीपाशीं आणि चात्यापाशीं. स्कॉटलंडच्या सामान्य माणसाच्या पानांत काय पडलें आणि त्याच्या घरांत काय विणलें गेलें, या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे तो देश सोडून इतकीं माणसें कां गेलीं, आणि बाहेरून इतकीं तेथें कां आलीं, याचा उलगडा होऊं लागतो.

प्रथम घांसाकडे वळावें. स्कॉटलंडचें हवामान थंड, पाऊस फार आणि ऊन कमी. गहूं तेथें बहुतेक ठिकाणीं नीट पिकत नाहीं. ओट मात्र पिकतो. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशांत या धान्याची व्याख्या करतांना टोमणा मारला कीं, इंग्लंडांत हें घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडांत माणसें खातात. कोश लिहितांना हाताशीं घेतलेल्या त्याच्या सहा लेखनिकांपैकीं पांच स्कॉच होते. त्यांनीं ही व्याख्या कोणत्या तोंडानें उतरून घेतली असेल, याची कल्पना करावी. पण टोमणा बाजूला ठेवला तर गोष्ट खरीच होती. ओटच्या जाड्या पिठाची मीठ घालून शिजविलेली लापशी, तव्यावर भाजलेली ओटची कोरडी पोळी, मेंढीच्या काळीज-फुप्फुसांत तेंच पीठ मिसळून तिच्या पोटाच्या पिशवींत शिजविलेला हॅगिस, आणि परसांतील केल नांवाची कोबीच्या जातीची भाजी, यांवर गरिबाचें वर्ष निघे. ईशान्येकडील शेतगड्यांना मजुरीचा एक भाग पीठ आणि दूध या रूपानेंच मिळे. जुन्या विद्यापीठांत फेब्रुवारींतील एका सोमवारीं सुट्टी असे आणि तिला ‘पिठाचा सोमवार’ म्हणत. गांवाकडून आणलेलें पिठाचें पोतें संपत आलेलें असे, तें भरून आणण्यासाठीं ही सुट्टी होती असें सांगतात.

स्कॉच माणसाच्या काटकसरीचें आणि विद्याप्रेमाचें कौतुक या पोत्यावरून नेहमी केलें जातें, आणि तें योग्यही आहे. पण अठराव्या शतकांतील दुसरा एक घांस आणि दुसरें एक कापड त्या कौतुकांत सहसा येत नाहींत. पूर्व किनाऱ्यावरील अँगस आणि फाइफ या भागांतील विणकर त्या काळीं ऑस्नाबर्ग नांवाचें जाडेंभरडें लिनन विणीत. नांव एका जर्मन शहरावरून आलें होतें, आणि माल वेस्ट इंडीज बेटांत व अमेरिकेंत जाई. उसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या अंगावर तें घातलें जाई. त्याच गुलामांच्या पोटासाठीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून खारविलेला हेरिंग मासा पिंपांत भरून पाठविला जाई. म्हणजे एका दरिद्री माणसानें विणलेलें आणि दुसऱ्या दरिद्री माणसानें पकडलेलें, तिसऱ्याला साखळदंडांत जिवंत ठेवण्यास उपयोगीं पडे. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें बंद झाली, तेव्हां माशांच्या व्यापाऱ्यांना दुसरीं गिऱ्हाइकें शोधावीं लागलीं. ग्लासगोच्या भव्य जुन्या वाड्यांना तंबाखूचा आणि साखरेचा पैसा लागला आहे हें आतां तेथें उघड बोललें जातें. माशाचें आणि कापडाचें नांव मात्र त्या मानानें मागेंच राहतें.

उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत, म्हणजे हायलंड्समध्यें, कथा निराळी होती. तेथें जमीन सरदारांची आणि कूळ त्यांच्या नात्यागोत्यांतलें, अशी जुनी समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लोंकरीचा भाव चढला आणि ती समजूत ढांसळली. माणसांच्या खंडापेक्षां मेंढ्यांचा खंड अधिक येतो, हा हिशेब जमीनदारांना पटला. सदरलंडच्या अफाट जहागिरींत आंतल्या खोऱ्यांमधून हजारों कुटुंबें हुसकून किनाऱ्यावर आणून बसविण्यांत आलीं. १८१४ सालीं स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतील घरें जाळल्याच्या आरोपावरून पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ सालीं खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. त्या खोऱ्यांत मग शेव्हियट जातीच्या मेंढ्या चरूं लागल्या.

किनाऱ्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचा लहानसा तुकडा आला. एवढ्या जमिनींत कुटुंब जगवूं शकेल असें एकच पीक होतें, तें म्हणजे बटाटा. ओट मागें पडला. १८४६ सालीं करपा आला आणि थोड्याच आठवड्यांत शेतेंच्या शेतें काळीं पडलीं. आयर्लंडप्रमाणें येथें लाखों माणसें मेलीं नाहींत. परंतु हाल दहा वर्षें चालले. मदत देणाऱ्या मंडळांनीं पुरुषाला दिवसाला जास्तींत जास्त दीड रत्तल, स्त्रीला पाऊण रत्तल आणि लहान मुलाला अर्धा रत्तल पीठ, असें प्रमाण ठरविलें. फुकट अन्न मिळालें तर माणसें आळशी होतात, हें त्या काळच्या अधिकाऱ्यांचें लाडकें तत्त्व. म्हणून पिठाच्या बदल्यांत काम घेतलें जाई. पुरुषांनीं रस्ते खोदावे, बायकांनीं सूत कातावें आणि मोजे विणावे. वेस्टर रॉस भागांत त्या वेळीं बांधलेल्या एका रस्त्याला आजही ‘दुर्दशेचा रस्ता’ अशा अर्थाचें नांव आहे.

याच दुष्काळांतून एका जगप्रसिद्ध कापडाचा व्यापार उभा राहिला. हॅरिस बेटावरील बायका घरच्या लोंकरीचें जाड कापड फार पूर्वीपासून विणीत आणि दगडफुलासारख्या शेवाळानें तें तांबूस रंगवीत. बेट डनमोर घराण्याच्या मालकीचें होतें. घराण्याची विधवा सरदारीण कॅथरिन मरे हिनें आपल्या घराण्याची चौकटीची नक्षी त्या विणकरांकडून या कापडावर उतरवून घेतली, आपल्या नोकरांना त्याचे पोशाख केले आणि लंडनमधील स्नेह्यांत त्याचा पुरस्कार केला. शिकारीला जाणाऱ्या श्रीमंतांना तें आवडलें. १९१० सालीं गोल आणि क्रूस असलेला छाप नोंदविण्यांत आला. १९९३ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, हॅरिस ट्वीड या नांवाचें कापड बाह्य हेब्रिडीज बेटांवरील रहिवाशानें आपल्या घरींच हातानें विणलेलें असलें पाहिजे. सरदारीणबाईंचा हेतु चांगला होता यांत संशय नाहीं. तरीही एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. ज्या बेटावरील सुपीक जमिनींतून माणसें काढून मेंढ्या घातल्या गेल्या, त्याच बेटावर उरलेल्यांना जगण्यासाठीं मेंढीच्याच लोंकरीचा आधार घ्यावा लागला.

ज्यांना तोही आधार मिळाला नाहीं ते गेले. साउथ युइस्ट आणि बारा या बेटांचा मालक कर्नल गॉर्डन यानें १८५१ सालीं दीड हजारांहून अधिक कुळें-माणसें जहाजांत घालून कॅनडाला पाठविलीं. उतरल्यावर त्यांनीं काय खावें याची तजवीज त्यानें केली नव्हती. त्यापूर्वीं १७७३ सालींच ‘हेक्टर’ नांवाच्या जहाजानें हायलंडर नोव्हा स्कोशियांत पिक्टू येथें उतरले होते आणि मग त्या वाटेनें रीघ लागली. या लोकांनीं बरोबर नेलें तें फार थोडें. पण गाणीं नेलीं. मागावरून काढलेलें ओलें कापड घट्ट व्हावें म्हणून तें फळीवर आपटीत, मळीत फिरविण्याची हेब्रिडीजमध्यें चाल होती. हें काम बायकांचें. फळीभोंवतीं बसून एकीनें चरण म्हणावा, बाकीच्यांनीं ध्रुवपद धरावें आणि ठेक्यावर कापड पुढें सरकवावें. केप ब्रेटन बेटावर हीच चाल गेली आणि तेथें पुरुषही फळीला बसूं लागले. घरीं कापड करण्याची गरज संपून कित्येक वर्षें लोटलीं. तरी तेथील लोक कापडाचा एक तुकडा पुढें घेऊन तो फळीवर आपटीत गेलिक भाषेंतील गाणीं म्हणतात. कापडाची गरज सरली आणि गाणें उरलें.

या निर्वासितांच्या दुःखानें डोळे भरून येतात, तेव्हांच एक अवघड गोष्टही लक्षांत ठेवावी लागते. ते ज्या जमिनीवर जाऊन बसले ती ओसाड नव्हती. स्काय बेटावरून ऑस्ट्रेलियांत गेलेला अँगस मॅकमिलन हा गिप्सलंडचा शोधक म्हणून पुष्कळ वर्षें गौरविला गेला. तेथील मूळ रहिवाशांच्या कत्तलींशीं त्याचें नांव जोडलेलें असल्यामुळें २०१८ सालीं त्याच्या नांवाच्या मतदारसंघाचें नांव बदलण्यांत आलें. घराबाहेर काढला गेलेला माणूस दुसऱ्याला घराबाहेर काढणार नाहीं, असा नियम इतिहासांत कोठेंच दिसत नाहीं.

आतां अशा एका नक्षीकडे वळावें कीं जी मराठी घरांत लहान मुलालाही ओळखतां येते. साडीच्या काठावर, रांगोळींत, मेंदींत आपण जिला कोयरी म्हणतो, तिला इंग्रजींत ‘पेस्ली’ असें नांव आहे, आणि पेस्ली हें ग्लासगोजवळच्या एका विणकरांच्या गांवाचें नांव. काश्मीरची शाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत पोंचली आणि तिनें श्रीमंत बायकांना वेड लावलें. एक उत्तम शाल विणावयास महिनेचे महिने लागत आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असे. तेव्हां तिची नक्कल करण्याचा उद्योग निघाला; १८०५ च्या सुमारास तो पेस्लीच्या विणकरांनीं उचलला आणि पुढें त्यांत सर्वांना मागें टाकलें. हे विणकर मोठे वाचणारे, वाद घालणारे आणि कविता करणारे होते; राजकारणांतही त्यांचीं मतें जहाल. मूळ शालीच्या किंमतीच्या लहानशा अंशांत ते कोयरीची शाल देऊं लागले आणि मूळ देणाऱ्याचें नांव जाऊन नक्कल करणाऱ्याचें नांव नक्षीला चिकटलें.

परंतु चोराला सुख लागलें असें म्हणावें तर तसेंही नाहीं. पेस्लीच्या विणकराचें पोट फॅशनच्या लहरीवर टांगलेलें होतें. १८४१ ते १८४३ या मंदींत गांवांतील ११२ कारखानदारांपैकीं ६७ बुडाले, हजारों माणसें धर्मादाय अन्नावर आलीं आणि नगरपालिकेचेंही दिवाळें निघालें. मदत म्हणून व्हिक्टोरिया राणीनें शाली विकत घेतल्या. १८७० नंतर बायकांच्या पोशाखाची तऱ्हा पालटली. मागें फुगविलेल्या झग्यावर शाल शोभेना आणि धंदा संपला. त्याच वर्षांत फ्रान्स आणि प्रशिया यांचें युद्ध होऊन काश्मिरी शालीची मुख्य बाजारपेठ नाहींशी झाली आणि १८७७ पासून काश्मिरांत पडलेल्या भयंकर दुष्काळांत तेथील विणकर मोठ्या संख्येनें दगावले किंवा देशोधडीला लागले. एकाच कोयरीवर जगणारीं दोन गांवें, एकमेकांना कधीं न पाहिलेलीं, एकाच दशकांत बुडालीं. पेस्लीला दुसरा आधार होता. नेपोलियनच्या युद्धांत रेशीम मिळेनासें झालें तेव्हां तेथील क्लार्क घराण्यानें कापसाचा गुळगुळीत शिवणदोरा काढला होता. त्या दोऱ्याच्या गिरण्यांनीं, आणि पुढें कोट्स घराण्याच्या गिरण्यांनीं, विणकरांच्या मुलींना काम दिलें. श्रीनगरच्या विणकरांना असला कांहीं आधार नव्हता.

हिंदुस्थानाशीं दुसरा धागा डंडी शहराचा. ज्यूट, जॅम आणि जर्नालिझम या तीन ‘ज’कारांवर तें शहर जगतें असें पूर्वीं म्हणत. जॅम म्हणजे स्पेनच्या आंबट-कडू संत्र्यांचा मुरंबा. ज्यूट म्हणजे बंगालचा ताग. देवमाशाच्या तेलानें ताग मऊ होतो आणि डंडीच्या बंदरांत देवमाशांची शिकार करणारीं जहाजें होतींच, म्हणून हा धंदा तेथें रुजला. गिरण्यांत बायकांना मजुरी कमी म्हणून त्याच घेत. पुरुष घरीं बसून चहाचें आधण ठेवीत आणि त्यांना तशाच अर्थाचें टोपणनांव होतें. पुढें डंडीचीं यंत्रें आणि डंडीचेच जॉबर कलकत्त्याला गेले, हुगळीकांठीं गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांनीं डंडीचा धंदा ओढून घेतला. विसाव्या शतकाच्या अखेरीस डंडींतील शेवटची तागाची गिरणी बंद झाली.

स्कॉटलंडच्या बायकांचे घांस आणि धागा हे दोन्ही व्यवसाय एकत्र कोठें दिसत असतील तर ते हेरिंग माशाच्या पाठोपाठ फिरणाऱ्या मुलींत. हेरिंगचे थवे उन्हाळ्यांत शेटलंडजवळ दिसतात आणि शरद ऋतूपर्यंत दक्षिणेला इंग्लंडच्या यार्मथ बंदरापाशीं सरकतात. माशामागून होड्या आणि होड्यांमागून मुली, असा हा प्रवास. लूइस बेटावरच्या गेलिक बोलणाऱ्या मुली, ईशान्य किनाऱ्यावरील कोळ्यांच्या मुली, आपापली लांकडी पेटी घेऊन खास आगगाड्यांनीं निघत. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तशांतला प्रकार. तिघींची एक टोळी असे. दोघींनीं मासा चिरून आंतडीं काढावीं आणि तिसरीनें तो मिठाच्या थरांत पिंपांत रचावा. सराईत मुलगी एका मिनिटाला चाळीस-पन्नास मासे सहज साफ करी. सुरी धारदार, बोटें गारठलेलीं, आणि जखमेंत मीठ. म्हणून पहाटे कामाला लागण्यापूर्वीं त्या पिठाच्या रिकाम्या पोत्यांच्या चिंध्या फाडून बोटाबोटाला गुंडाळीत आणि दोऱ्यानें बांधीत.

त्याच बोटांनीं त्या फावल्या वेळांत विणीत. यार्मथच्या रस्त्यावरून रविवार सोडून कोणत्याही दिवशीं फिरणाऱ्या या मुलींच्या हातांत सुया असतच. चालतां चालतां, बोलतां बोलतां मोजा वाढत जाई. घरच्या कोळ्यांसाठीं घट्ट विणीचे निळे सदरे याच हातांनीं होत. १९०७ सालीं स्कॉटलंडनें सुमारें पंचवीस लाख पिंपें खारविलेला मासा बाहेर पाठविला, मुख्यतः जर्मनी, पूर्व युरोप आणि रशिया या देशांना. पहिल्या महायुद्धानंतर ते बाजार कोसळले आणि धंदा उतरणीला लागला. तरी या मुली मुकाट राहणाऱ्या नव्हत्या. १९३६ सालीं यार्मथ येथें त्यांनीं पिंपामागील दर वाढवून मिळावा म्हणून संप केला. ज्यांच्याविषयीं कोळीगीतें रचलीं गेलीं, ज्यांचीं हंसरीं छायाचित्रें विकलीं गेलीं, त्यांचा हा संप मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो.

जाणाऱ्यांची कथा येथवर झाली. येणाऱ्यांची तितकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्यांत यजमानाचें रूप नेहमीं शोभिवंत दिसत नाहीं. आयर्लंडच्या दुष्काळानंतर हजारों आयरिश कुटुंबें ग्लासगोच्या आणि डंडीच्या गिरण्यांत आलीं आणि धर्मानें कॅथलिक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलीं गेलीं. ज्या बटाट्यानें त्यांचा देश उजाड केला, तोच बटाटा काढण्यासाठीं आयरिश टोळ्या पुढें दरसाल स्कॉटलंडच्या शेतांवर येत राहिल्या. १९३७ च्या सप्टेंबरांत कर्किंटिलॉक येथें ॲकिल बेटावरून आलेले दहा तरुण आणि मुलगे ज्या छपराखालीं झोंपले होते त्याला आग लागून मेले. त्यांच्या बहिणी शेजारच्या खोलींत होत्या म्हणून वांचल्या.

इटालियनांची गोष्ट विशेष रंगतदार, आणि म्हणूनच तिचा शेवट जिव्हारीं लागतो. टस्कनींतील बार्गा आणि रोमच्या दक्षिणेकडील पिचिनिस्को या डोंगरी गांवांतून आलेल्या माणसांनीं प्रथम हातगाडीवर आइस्क्रीम विकलें, मग दुकानें काढलीं, मग त्यांत तळलेले मासे आणि बटाटे ठेविले. इतक्या थंड देशांत आइस्क्रीम खपेल असें कोणाला वाटलें असेल! पण खपलें, आणि दारूच्या गुत्त्याखेरीज तरुण मुलामुलींना बसावयास दुसरी जागा नव्हती ती या दुकानांनीं दिली. धर्मगुरूंना तेंच रुचलें नाहीं. रविवारच्या दिवशीं दुकान उघडें, दिवे लखलखीत, आंत मुलगे आणि मुली एकत्र! वर्तमानपत्रांत तक्रारी झाल्या. गिऱ्हाइकें मात्र कमी झालीं नाहींत.

१० जून १९४० रोजीं मुसोलिनीनें युद्ध पुकारलें. त्याच रात्रीं एडिंबरो, ग्लासगो आणि इतर गांवांत जमावांनीं इटालियनांच्या दुकानांच्या कांचा फोडल्या आणि माल लुटला. काल ज्यांनीं आइस्क्रीम खाल्लें होतें तेच हात दगड मारीत होते. पुरुषांना पकडून छावण्यांत नेलें. कांहींना कॅनडाला पाठविण्यासाठीं ‘अरँडोरा स्टार’ जहाजावर चढविलें; २ जुलै रोजीं आयर्लंडच्या वायव्येस जर्मन पाणबुडीनें तें बुडविलें. आठशेंहून अधिक माणसें गेलीं आणि त्यांत चारशेंहून अधिक इटालियन होते. पुढें कांहीं प्रेतें हेब्रिडीजच्या किनाऱ्यांना लागलीं आणि बेटांवरील लोकांनीं तीं पुरलीं. ग्लासगोंत या मृतांचें स्मारक २०११ सालीं उघडलें गेलें. जे वांचले त्यांनीं परत येऊन तींच दुकानें पुन्हां उघडलीं, त्याच गिऱ्हाइकांसाठीं. आज बार्गा गांवांत उन्हाळ्यांत तळलेल्या माशांचा आणि बटाट्यांचा उत्सव भरतो. ग्लासगोहून सुट्टीला आलेलीं नातवंडें तेथें स्कॉच उच्चारांत बोलतात.

पंजाबांतील माणसें विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत आलीं, तीं कापडाच्या वाटेनें. पेटींत सदरे, मोजे, परकर भरून हे फेरीवाले हायलंड्सच्या आडवाटेनें दारोदार फिरत. लूइस बेटावरील स्टॉर्नोवे येथें कांहीं कुटुंबें स्थायिक झालीं. त्यांचीं मुलें इंग्रजीइतकीच गेलिकही बोलूं लागलीं. २०१८ सालीं तेथें मशीद उघडली. शहरांत फेरीवाल्याच्या पेटीचें दुकान झालें आणि दुकानामागून उपाहारगृह आलें. पकोडा हा शब्द आज ग्लासगोंत समजावून सांगावा लागत नाहीं. हॅगिसचे पकोडेही तेथें मिळतात. टोमॅटोच्या रश्शांतील चिकन टिक्का मसाला ग्लासगोंतच प्रथम झाला असा तेथल्या लोकांचा आग्रह आहे. पुरावा बेताचाच, पण आग्रह मोठा. आणि परक्याच्या पदार्थावर आपला हक्क सांगावासा वाटणें, हा यजमानांत झालेला फरक लहान नव्हे.

या सर्व गोष्टी सुईनें सांगाव्या ही कल्पना चित्रकार अँड्रू क्रमी याला परकी वाटली नाहीं, याचें कारण त्याच्या घरांत सांपडतें. एडिंबरो शहराच्या कडेला क्रेगमिलर नांवाची कामगारांची वस्ती आहे. १९४७ पासून त्या शहरांत जगप्रसिद्ध कलामहोत्सव भरतो. पण त्याचा आवाज या वस्तीपर्यंत पोंचत नसे. क्रमीची आई हेलन हिनें १९६२ च्या सुमारास मुलाला शाळेंत व्हायोलिन शिकवावें अशी विनंती केली. या मुलांना लिहावाचावयास शिकवितांनाच पुरे होतें, अशा आशयाचें उत्तर तिला मिळालें. ती आणि तिच्यासारख्या इतर आया एकत्र आल्या आणि त्यांनीं वस्तीचा स्वतःचा उत्सव सुरू केला. त्यांतून नाटकें झालीं, भित्तिचित्रें झालीं, आणि घरांसाठीं, नोकऱ्यांसाठीं झगडणारी एक संस्था उभी राहिली. कला ही पोट भरल्यावर करावयाची गोष्ट आहे, हें मत त्या बायकांना मान्य नव्हतें.

त्या घरांत वाढलेल्या मुलानें पुढें हजार अनोळखी माणसांच्या हातीं आपलीं रेखाटनें दिलीं. चित्राची बाह्यरेषा त्याची; पण रंग, टांका, कोठें काय अधिक भरावें, हें पुष्कळसें भरणाऱ्यांवर सोडलें. गटागटानें आपापल्या खुणा पटांत घातल्या. यानंतर २०१४ सालीं त्याच क्रमीच्या रेखाटनांवरून दुसरें एक वस्त्र तयार झालें, तें देश सोडून गेलेल्या स्कॉच लोकांचें. तीसहून अधिक देशांतील माणसांनीं आपापल्या गांवीं बसून त्याचे तीनशेंहून अधिक पट भरले आणि प्रेस्टनपॅन्सला पाठविले.

पहिल्या वस्त्रावर मात्र एक प्रसंग आला. कायमचें घर मिळण्यापूर्वीं तें गांवोगांव फिरत होतें. २०१५ च्या सप्टेंबरांत कर्कॉल्डी येथील प्रदर्शनांतून रॉसलिनच्या देवळाचा पट कोणी तरी भिंतीवरून काढून नेला. मूळ रेखाटन होतें, लोंकरीच्या छटा ठाऊक होत्या. नवें लिनन ताणण्यांत आलें आणि तो पट पहिल्या टांक्यापासून पुन्हां भरण्यांत आला. गॅलाशील्सच्या इमारतींत आज तो आपल्या जागीं आहे.